शिलेदाराची मोटार

इतिहासाच्या भाषणांत मोटारगाडीचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना चमत्कारिक वाटेल. मलाहि आरंभीं तसेंच वाटलें होतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत मी हिंगोलीस गेलों असतां एका लहानशा घरगुती प्रसंगानें हा विषय माझ्यापुढें आला, आणि त्याचा उलगडा करूं जातां मी मोटारीवरून घोड्यावर व घोड्यावरून पुन्हा मोटारीवर असा कितीदां तरी चढलों-उतरलों. तो प्रवास आज आपणांस सांगावयाचा आहे.

हिंगोलीस माझे एक जुने स्नेही हळदीची अडत करीत. दोन वर्षांपूर्वीं ते वारले. मागें एक वाडा, थोडी शेती आणि एक मोटार ठेवून गेले. मोटार मित्सुबिशी कंपनीची, लान्सर नांवाची, २००० सालीं घेतलेली. गृहस्थ मोठे मितव्ययी. अंगांत सदरा जुना, पायांत वहाणा त्याहून जुन्या. परंतु ह्या गाडीवर त्यांचा जीव. सकाळीं स्वतः पाणी आणून ती धूत. आतां ती वाड्यांतल्या लिंबाखालीं उभी असते व तिच्यावर लिंबोळ्या पडतात. त्यांचा मुलगा पंचविशीचा, यंत्रविद्या शिकलेला. त्याच्या मनांत असें आहे कीं, वडिलांच्या ह्या साध्या लान्सरचें रूपांतर त्याच कंपनीच्या त्या प्रख्यात, मोजक्या संख्येनें निघालेल्या शर्यतीच्या गाडीत करावें, जिला लान्सर एव्होल्यूशन म्हणतात. जपानांतून भंगार म्हणून मुंबईस येणारीं जुनीं इंजिनें मिळतात. त्यांतलें एक त्यानें हेरून ठेविलें होतें. आई म्हणे, गाडी जशी आहे तशी राहूं द्यावी. नात्यांतले एक वकील म्हणत, असें केल्यास गाडीची नोंदणीच जाईल. मुलगा मला म्हणाला, “काका, गाडी आमची, पैसा माझा, मेहनत माझी. मग तिच्यांत कोणतें इंजिन घालावें हें दुसऱ्यानें कां ठरवावें?”

प्रश्न रास्त होता, आणि मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. मी केवळ गाडीच्या पाठीवरचें नांव वाचीत राहिलों. लान्सर म्हणजे भालाईत, भाला घेतलेला घोडेस्वार. आणि एकदम माझ्या ध्यानांत आलें कीं, हिंगोलीच्या भूमीला लान्सर हा शब्द नवा नाहीं. जपानी कारखानदारांनीं तो उचलण्यापूर्वीं तो येथें छावणींत नांदत होता.

आजच्या हिंगोलींत कयाधू नदी, हळदीचा बाजार, जवळ औंढ्याचा नागनाथ आणि नामदेवांची नर्सी हीं पाहुण्यास दाखवितात. छावणी कोणी फारशी दाखवीत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत हैदराबाद कंटिंजंट म्हणून जी फौज होती, तिच्या ठाण्यांपैकीं हिंगोली हें एक महत्त्वाचें ठाणें होतें. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर हीं तशींच दुसरीं. फौज नांवानें निजामाची, अंमलदार इंग्रज, आणि खर्चाची जोखीम कोणाची ह्याबद्दल उभयतांत अखंड वाद. त्या वादापायींच १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. पुढें १८९० सालीं ह्या फौजेच्या रिसाल्यांना ‘लान्सर्स’ हें नांव मिळालें : पहिले लान्सर्स, दुसरे लान्सर्स, असे चार. १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. म्हणजे मित्सुबिशी कंपनीनें १९७३ सालीं आपली पहिली लान्सर गाडी बाजारांत आणली, त्याच्या बरोबर सत्तर वर्षें अगोदर हिंगोलीचे लान्सर निघून गेले होते.

हा केवळ नांवाचा योगायोग असता तर त्यावर भाषण करण्याचें कारण नव्हतें. परंतु त्या भालाइतांचा घोडा कोणाचा असे, हा प्रश्न मीं जेव्हां स्वतःस विचारला, तेव्हां मला त्या मुलाच्या प्रश्नाचा धागा सांपडला.

आपल्या जुन्या लष्करी व्यवस्थेंत स्वारांचे दोन वर्ग असत. ज्याला घोडा व सामान सरकारांतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा, स्वतःचें हत्यार व खोगीर घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. हा शब्द मूळ फारसी, सिलाहदार, म्हणजे शस्त्र बाळगणारा. शिवछत्रपतींचा ओढा पागेकडे, म्हणजे सरकारी घोड्यांकडे होता. कृष्णाजी अनंत सभासदानें बखरींत पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी, आणि प्रत्येक पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. हा नालबंद मला फार आवडतो. फौजेच्या इतिहासांत सेनापतींचीं नांवें राहतात; परंतु घोड्याच्या खुरांत खिळा तिरपा गेला तर स्वार लढाईच्या दिवशीं जमिनीवर, हें ज्याला ठाऊक तो नालबंद. आज हिंगोलीच्या बसस्थानकाजवळच्या गॅरेजांत पाठीवर निजून गाडीखालीं सरकणारा मिस्त्री हा त्याचाच वंशज समजावा.

शिलेदाराचें तसें नव्हे. त्याचा घोडा ही त्याची मालमत्ता, त्याचें भांडवल, पुष्कळदां कुटुंबाची सारी मिळकत. तो घोडा त्यानें निवडावा, त्याला शिकवावें, कडबा किती व हरभरा किती हें स्वतः ठरवावें, आपल्या बैठकीस येईल तसें खोगीर करून घ्यावें. भीमाकांठचीं भीमथडी तट्टें बुटकीं पण चिवट. त्यांत अरबी घोड्याचें रक्त मिसळून पैदास करावयाची, ही खटपट पिढ्यान् पिढ्या चालली होती. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर शिलेदार हा वाहनाचा मालकहि होता आणि वाहनांत फेरफार करणाराहि होता. त्याचें मोल मात्र त्याला द्यावें लागे. घोडा मेला कीं चाकरी गेली. म्हणून शिलेदार घोड्याला जपे, प्रसंगीं लढाईपेक्षां अधिक जपे, हा दोष पेशवाईच्या फौजेंत इतिहासकारांनीं दाखविला आहे व तो खरा आहे. परंतु दुसरीहि बाजू आहे. ज्याचें नुकसान स्वतःच्या घरीं यावयाचें, तो माणूस वाहनाच्या गुणावगुणांविषयीं जितका जागा असतो, तितका सरकारी तबेल्यांतला स्वार क्वचितच असतो.

अशा खासगी घोड्यांवर राज्यानें नजर ठेवावी कशी? त्यासाठीं मुसलमानी अमदानींत दाग आणि चेहरा ही पद्धत पडली. अल्लाउद्दीन खिलजीनें ती चालविली, अकबरानें तिला पुन्हा बळ दिलें. घोड्याच्या अंगावर डाग द्यावयाचा, त्याचा रंग, खुणा, भोंवरे कागदावर लिहावयाचे. स्वाराचा चेहरामोहरा, व्रण, तीळ तेहि लिहावयाचे. हजिरीच्या दिवशीं कागद आणि जनावर ताडून पाहावयाचें. हेतु हा कीं, चांगला घोडा दाखवून पगार घ्यावा आणि मोहिमेवर मरतुकडें तट्टू न्यावें, ही लबाडी होऊं नये. तरी ती होईच! हजिरीपुरता शेजाऱ्याचा घोडा उसना आणण्याच्या युक्त्या जुन्या कागदांत ठिकठिकाणीं आढळतात. आज हिंगोली जिल्ह्याच्या गाड्यांवर एम. एच. ३८ हीं अक्षरें असतात; सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला, इंजिनावर दुसरा, आणि दोन्ही नोंदणीपुस्तकांत लिहिलेले. हा आमचा दाग आणि हा आमचा चेहरा.

इंग्रजांनीं हीच शिलेदारी उचलून आपल्या हिंदी रिसाल्यांना लावली. कंटिंजंटचा रिसालाहि ह्याच पद्धतीचा होता. स्वारानें भरतीच्या वेळीं ठराविक रक्कम भरावी, सरकारनें बंदूक द्यावी, घोडा-खोगीर-पोषाख स्वाराच्या जोखमीचे. हळूहळू मात्र ह्या मालकीचा अर्थ पातळ होत गेला. घोडा पलटणीच्या नियमानें घ्यावयाचा, खोगीर पलटणीच्या नमुन्याचें, पोषाख एकसारखा. स्वाराचें उरलें तें फक्त पैसे भरणें. १९०३ नंतर हिंगोलीच्या त्या भालाइतांच्या फौजेंतून विसावा डेक्कन हॉर्स, एकोणतिसावे लान्सर्स आणि तिसावे लान्सर्स असे रिसाले झाले. विसाव्या डेक्कन हॉर्सनें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्सांत सोम नदीच्या रणांत हाय वुड ह्या रानापाशीं भाले घेऊन हल्ला केला. समोर मशीनगनी होत्या. पहिल्या महायुद्धानें शिलेदारी पद्धत संपविली; कारण समुद्रापलीकडे हजारोंनीं घोडे मरतात तेव्हां प्रत्येक स्वारानें आपला घोडा आपण भरून द्यावा, हें गणित चालणारें नव्हतें. पुढें डेक्कन हॉर्स रणगाड्यांवर बसला आणि सप्टेंबर १९६५ मध्यें असल उत्तरच्या लढाईंत शर्मन रणगाडे घेऊन लढला. रणगाडा कोणाचाहि खासगी नसतो. तेथें सारे बारगीरच.

आतां जपानकडे वळूं. मित्सुबिशीनें लान्सर काढली तेव्हां ती एक साधी कौटुंबिक गाडी होती. तिला नांवलौकिक मिळवून दिला तो आफ्रिकेंतल्या खडतर सफारी रॅलीनें, आणि तेथें तिचा सारथी हिंदी वंशाचा होता हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नाहीं. केनियांत जन्मलेले जोगिंदर सिंग ह्यांनीं १९७४ आणि १९७६ अशी दोनदां ही शर्यत लान्सर घेऊन जिंकली. चिखल, धुरळा, खडक ह्यांतून हजारों मैल. ज्या गाडीला पुढें यांत्रिक चमत्कार म्हणून मिरवावयाचें होतें, तिची पहिली कीर्ति टिकाऊपणाची होती.

दुसरा एक धागा आमच्या मुंबईंतून गेला आहे. १९६८ सालच्या अखेरीस लंडन ते सिडनी अशी प्रचंड मोटारशर्यत झाली. गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीवरून मुंबईस आल्या आणि तेथून बोटीनें ऑस्ट्रेलियास गेल्या. ती शर्यत स्कॉटलंडच्या अँड्रू कोवन ह्यांनीं हिल्मन हंटर ह्या अगदींच साध्या गाडीतून जिंकली. हेच कोवन पुढें मित्सुबिशीकडे गेले आणि १९८३ पासून तिच्या युरोपांतील शर्यतपथकाचे चालक झाले. त्यांच्याच पथकांतून फिनलंडच्या टॉमी मॅकिनेन ह्यांनीं १९९६ ते १९९९ अशीं लागोपाठ चार वर्षें जगज्जेतेपद मिळविलें. गाडी होती लान्सर एव्होल्यूशन.

ही एव्होल्यूशन मुळांत निघाली कशी, हें सांगितल्यावांचून आपला विषय उलगडणार नाहीं. रॅलीच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणें ‘ग्रूप ए’ ह्या वर्गांत धांवणारी गाडी केवळ शर्यतीसाठीं बनविलेली चालत नसे. तीच गाडी सामान्य गिऱ्हाइकांस विकावी, आणि तीहि ठराविक संख्येनें, अशी अट होती. ती संख्या आरंभीं पांच हजार होती, नंतर अडीच हजारांवर आली. नियम करणाऱ्यांचा हेतु खर्च आवरण्याचा. परिणाम मात्र भलताच झाला. शर्यतीचें जनावर लोकांच्या घरासमोर बांधलें जाऊं लागलें! १९९२ सालीं मित्सुबिशीनें पहिली एव्होल्यूशन अडीच हजार बनविली. ती पाहतां पाहतां संपली आणि आणखी काढाव्या लागल्या. दोन लिटरचें इंजिन, २५० अश्वशक्ति, चारी चाकांना जोर. कुटुंबाची पेटी, आणि आंत शर्यतीचें काळीज.

तिचे दोन प्रकार असत. एक सुखसोयींनीं सजविलेला, दुसरा आर. एस. म्हणून, त्यांत थंड हवेचें यंत्र नाहीं, कांचा हातानें फिरवावयाच्या, चाकें साध्या पोलादाचीं, वजन सुमारें सत्तर किलो कमी. हा दुसरा प्रकार मला विशेष बोलका वाटतो. कारखान्यानें तो मुद्दाम अर्धा सोडला होता, कारण विकत घेणारा तो आपल्या हातानें पुरा करणार हें गृहीतच होतें. शिलेदाराला विकलेला कोरा घोडाच म्हणा ना. पुढें मॅकिनेन ह्यांच्या नांवानें २००० च्या आरंभास एक खास आवृत्ति निघाली. २०१५ सालीं ‘फायनल एडिशन’ म्हणून जपानांत अवघ्या एक हजार गाड्या निघाल्या आणि ही वंशावळ थांबली. जपानी कारखान्यांनीं १९८९ पासून आपसांत एक सभ्य करार केला होता कीं, कोणीहि २८० हून अधिक अश्वशक्तीची गाडी जाहीर करूं नये. तो २००४ पर्यंत चालला. जाहीर करूं नये, असें मी म्हटलें. प्रत्यक्षांत इंजिनांत किती दम राखून ठेविला आहे, हें गिऱ्हाइकांस चांगलें ठाऊक असे. जपानी सरकारनेंहि १९९५ सालीं किरकोळ फेरफारांवरचे निर्बंध पुष्कळ सैल केले; मात्र ठराविक मुदतीनें गाडीची कडक तपासणी करून घेण्याची अट कायम ठेविली. हजिरी चुकली नाहीं.

आपल्या देशांत ही गाडी दोन वाटांनीं आली, आणि एक वाट बंदच राहिली. बंद वाट ती जुन्या गाड्यांची. परदेशांतून वापरलेली मोटार आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी असूं नये, असा आपला आयातीचा नियम. शिवाय आयात मोटारीवरचा कर दीर्घकाळ किंमतीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास किंवा वर. त्यामुळें १९९० नंतरच्या दशकांतल्या त्या मोजक्या एव्होल्यूशन जुन्या झाल्यावर राजरोस येऊं शकल्या नाहींत. पहिली उघडी वाट म्हणजे दहावी एव्होल्यूशन. ती २०१० च्या सुमारास कंपनीनें नवी म्हणून येथें विकली, परंतु ती धनिकांच्या आंगणापुरती. दुसरी वाट सर्वांत गमतीची. हिंदुस्थान मोटर्स ह्या कंपनीनें १९९८ पासून मद्रासजवळ तिरुवळ्ळूर येथें साधी लान्सर बनविण्यास आरंभ केला. तिचें पेट्रोल इंजिन दीड लिटरचें, स्वभाव सौम्य, जोर पुढच्या दोन चाकांना. पण शरीरानें ती चौथ्या, पांचव्या आणि सहाव्या एव्होल्यूशनची सख्खी बहीण होती. तीच चौकट, तेच दरवाजे, तीच कांच. हिंगोलीच्या वाड्यांत लिंबाखालीं उभी असलेली ती गाडी ह्याच जातीची. त्या मुलाला वेड लागलें तें उगीच नव्हे. अंगावरचा सदरा तोच. आंतला पहिलवान तेवढा बदलावयाचा, असें त्याला वाटत होतें.

परंतु पहिलवान बदलणें सदरा बदलण्याइतकें सोपें नाहीं, आणि येथें मीं त्या मुलास विद्यार्थी होऊन प्रश्न विचारले. एव्होल्यूशनचें इंजिन टर्बो पद्धतीचें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका चिमुकल्या चक्राला मिनिटास लाखाहून अधिक फेरे देतो; त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक, म्हणून जोर अधिक. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला पुढच्या जाळीमागील थंड करणाऱ्या पेटीतून न्यावें लागतें. त्या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, जाडजूड. त्यामुळें तो मूळच्या दुप्पट जोरहि सोसतो, आणि जगभरच्या हौशी लोकांनीं तो सोसावयास लावला आहे. पण खाण्याचें काय? जपानांत ही गाडी शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली. हिंगोलीच्या पंपावरचें साधें पेट्रोल त्याहून कमी ऑक्टेनचें. हलकें पेट्रोल दाबाखालीं ठिणगीची वाट न पाहतां आपोआप पेटतें, इंजिन खणखणूं लागतें, आणि तें असेंच चालूं दिलें तर दट्ट्यांस भोकें पडतात. म्हणून येथें दाब उतरवावा लागतो. अरबी घोडा आणून त्याला नुसत्या कडब्यावर ठेवण्यासारखेंच हें आहे. घोडा मरणार नाहीं, पण अरबीहि राहणार नाहीं. त्यांत मराठवाड्याचा मे महिना! बाहेरचीच हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची असतां थंड करणारी पेटी थंड करणार ती कशाला?

मग रोधकांचा, म्हणजे ब्रेकांचा प्रश्न. दीड लिटरच्या गाडीचे ब्रेक दीड लिटरपुरते. जोर तिप्पट केला तर ते बदलावे लागतात. ते बदलले कीं चाकें बदलावीं लागतात. मग चाकांच्या कमानी, स्प्रिंगा, धक्के झेलणारे दांडे. चारी चाकांना जोर न्यावयाचा तर मागचा जमिनीचा पत्राच कापावा लागतो, कारण साध्या लान्सरच्या पोटाखालून दांडा जाण्यास जागाच ठेवलेली नाहीं. नुसतें इंजिन बसवून बाकीचें तसेंच ठेविलें, तर अकोल्याहून हिंगोलीवरून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ऊंस आणि हळदीच्या ट्रॅक्टरांमध्यें ती गाडी कोणाच्या तरी जीवावर उठेल. मुलगा हुशार, त्यानें हें सारें आधींच कागदावर मांडून ठेविलें होतें. पत्रा कापण्याचें चित्रहि काढलें होतें. तो म्हणाला, “मी सगळें करीन, अर्धवट ठेवणार नाहीं.” मला त्याचा विश्वास वाटला. पण कायद्यानें एकट्याच्या विश्वासावर कसें चालावें?

ह्या कायद्याचाहि इतिहास शिलेदारीच्या वळणानेंच गेला आहे. १९३९ च्या मोटार कायद्यांत भर असा होता कीं, मालकानें गाडीत फेरफार केल्यास तो नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा. कागद आणि जनावर जुळावें, एवढीच अपेक्षा. त्या वेळीं हिंगोली निजामाच्या राज्यांत होती. १९४८ नंतर ती हिंदी संघराज्यांत, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आली. १९८८ च्या कायद्यानें फेरफारास पूर्वपरवानगीचें बंधन घातलें. आणि २००० सालच्या दुरुस्तीनें ५२ व्या कलमाचा रोखच फिरला. आतां कसोटी अशी कीं, उत्पादकानें मुळांत जें वर्णन दिलें त्याहून गाडी वेगळी होतां कामा नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट सांगितलें. रंग बदलतां येतो, तो पुस्तकांत चढवून. इंजिन निकामी झालें तर त्याच जातीचें दुसरें बसवितां येतें, तेंहि परवानगीनें. नैसर्गिक वायूवर किंवा विजेवर गाडी नेण्यास नियमांत वाट ठेविली आहे. परंतु दीड लिटरच्या जागीं दोन लिटरचें टर्बो? नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. मोटारीचा मालक कायद्यानें शिलेदारच राहिला. तथापि घोड्याच्या बाबतींत तो कारखान्याचा बारगीर झाला.

मला हा कायदा अगदींच चुकीचा वाटत नाहीं, हें मीं त्या मुलास स्पष्ट सांगितलें. शिलेदाराच्या घोड्यानें चूक केली तर बहुधा शिलेदारच पडे. मोटारीची चूक समोरून सायकलवर येणाऱ्या शाळकरी पोराच्या वांट्यास येते. वाहन तुझें असलें तरी रस्ता तुझा नाहीं. परंतु एक गोष्ट मला टोंचते, व ती मी आपल्यापाशीं लपवीत नाहीं. जुनी हजिरी जनावर पाहात असे. आजचा कायदा पुष्कळसा कागदच पाहतो. नीट विचारानें, मापून, ब्रेकांसकट केलेला फेरफार आणि बुलेटचा आवाज वाढविण्यासाठीं फोडलेली नळी, दोन्ही त्याच्या लेखीं एकाच पंक्तीला बसतात. त्याचा परिणाम काय होतो? तपासणीच्या दिवशीं मूळची नळी लावावयाची, दुसऱ्या दिवशीं पुन्हा आवाजाची. हजिरीपुरता शेजाऱ्याचा घोडा आणणाऱ्या शिलेदाराची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. सरसकट मनाईनें हौस मरत नाहीं; ती अंधारांत जाते, आणि अंधारांतल्या कामास नालबंदहि अडाणीच मिळतो. जपानानें मोकळीक आणि तपासणी ह्यांची जी सांगड घातली, तिचा आपणांकडे कधीं तरी गंभीरपणें विचार व्हावा, असें मला वाटतें. तोंवर बंद मैदानावरच्या मान्यताप्राप्त स्पर्धा आहेत. तेथें गाडी रस्त्यावर आणावयाची नसल्यानें पुष्कळ गोष्टी करतां येतात.

तो म्हणाला, “मग बाबांची गाडी मैदानासाठीं देऊन टाकूं?” आणि गप्प बसला. कारण ती एकदां रस्त्यावरून उतरली कीं आईला नर्सीस दर्शनाला नेणार कोण आणि कशांतून? बाबांनीं ती धुतली ती ह्यासाठीं नव्हे. आंतून आई ऐकत होती, तिनें चहाचे पेले आणून ठेविले आणि एवढेंच म्हणाली, “ह्यांनीं त्या गाडीला कधीं ओरखडासुद्धां पडूं दिला नाहीं.”

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रांत अशा जुन्या गाडीवर निराळा पर्यावरण करहि आहे. ह्या लान्सरची मुदत दुसऱ्यांदा भरत आली होती. मी परतल्यानंतर दोन महिन्यांनीं त्याचें पत्र आलें. भंगारांतलें तें इंजिन त्यानें घेतलें नाहीं. त्याऐवजीं मूळचें दीड लिटरचें इंजिन खालीं उतरवून, सुटें करून, स्वतःच्या हातानें पुन्हा बांधलें. दट्ट्यांच्या कड्या नव्या घातल्या, झडपा घासून बसविल्या, ब्रेकांच्या नळ्या बदलल्या, स्प्रिंगा कंपनीच्याच मापाच्या शोधून आणल्या. ह्या कामास पावसाळा सबंध गेला. त्यानें लिहिलें होतें कीं इंजिनांत हात घातल्यावर त्याला एका बाजूस एक वायसर सांपडला. मूळचा नव्हे, पत्र्याचा कापून केलेला, अगदीं नेटका. म्हणजे वडिलांनींहि कधीं तरी गुपचूप तेथें हात घातला होता.

तपासणीच्या दिवशीं तो गाडी घेऊन गेला. तेथें सांगाड्यावरच्या क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवून वरून पेन्सिल घासावयाची, म्हणजे ठोकलेले आंकडे कागदावर उमटतात, अशी रीत आहे. त्यानें बोनेट उघडलें, फडक्यानें तेलाचा थर पुसला, आणि पट्टी धरली. पेन्सिल त्याच्याच हातीं दिली होती. पहिल्या घासण्यांत शेवटचे दोन आंकडे नीट उठले नाहींत, म्हणून त्यानें दुसरी पट्टी लावून पुन्हा घासले.